फळीमागचा हात

लोक मिठाची गुळणी धरतात, खिळेमामा खिळ्यांची धरायचे. सकाळी साडेआठला सोफ्याच्या कारखान्यात आले, चपला दाराशी काढल्या, की डब्यातून मूठभर बारीक खिळे घ्यायचे आणि खारे दाणे टाकावेत तसे तोंडात टाकायचे. पुढचं काम जिभेचं. ती एकेक खिळा फिरवून डोक्याच्या बाजूने ओठांवर आणून ठेवायची, मामा हातोडीचं चुंबकाचं टोक ओठांशी न्यायचे, खिळा त्याला चिकटायचा, आणि ठक, ठक. एक ठक खिळा उभा करायला, एक तो बसवायला. चौतीस वर्षांत तिसरी ठक कुणी ऐकली नव्हती.

अशा माणसाशी बोलायचं कसं? तर हुंकारांवर. आखूड ‘हं’ म्हणजे हो. लांब ‘हंऽऽ’ म्हणजे नाही, पण वाद नको. नाकातून आला तर मुकादमाला विचारा. आणि पाठोपाठ दोन आले, ‘हं-हं’, तर समोरच्याने समजून घ्यायचं की आपल्या अकलेबद्दल काहीतरी म्हणून झालेलं आहे. समोरच्या टेबलावर फोम कापणारा फोमवाला सोळा वर्षं हे ऐकत होता. तोंडात पेन्सिल धरून तो चारही हुंकार असे काढायचा की मुकादम दोनदा फसून मामांकडे वळला होता.

मामांकडे काम होतं सोफ्याच्या पाठीचे कोपरे. पाठ म्हणजे आपण टेकतो ती फळी, करंगळीहून पातळ. तिला पुढून फोम चिकटवायचा, वरून कापड ओढायचं आणि कडेला ठोकायचं. सरळ बाजू कुणीही ठोकतं. कोपऱ्यात मात्र दोन बाजूंचं कापड येऊन भांडायला लागतं, आणि तिथे एक चुणी पडली की तो सोफा जन्मभर तोंड वाकडं करून बसतो. मामांच्या कोपऱ्यात चुणी नसायची. त्याचं कारण त्यांचा डावा हात. पातळ फळी हातोडीखाली थरथरते, खिळा उडतो. म्हणून मामा डावा तळवा फळीच्या मागे, खिळा जिथे शिरायचा बरोबर त्याच्या पाठीशी, दाबून धरायचे. ठोका तळव्यात यायचा. कापड किती ताणलंय, लाकूड कुठे पोकळ आहे, घडी बसली का रुसली, सगळं तळव्याला आधी कळायचं आणि मग मामांना. खिळा इतकुसा, तो फळीपलीकडे यायचा प्रश्नच नव्हता.

एका सोमवारी पिनगन आली.

मुकादमाला प्रत्येक वाक्याच्या शेपटीला ‘काय?’ बांधायची सवय, आणि कुणी खरंच उत्तर दिलं तर डाफरायची त्याहून मोठी सवय. त्याने गन डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवली. “ही बिनवायरची. बॅटरीवर चालते, काय? नळी नको, वायर पायात नको, काय? नाक कापडावर दाबायचं, खटका ओढायचा, पिन आत. मिनिटाला साठ, काय?”

“साठ,” फोमवाला म्हणाला.

“तुला विचारलं का?”

हातोड्या एका खोक्यात गेल्या, खिळ्यांचे डबे दुसऱ्या खोक्यात. मामांचं तोंड चौतीस वर्षांनी दिवसाउजेडी रिकामं झालं, आणि सगळे वाट बघायला लागले की आता हा माणूस काय बोलतो. दोन दिवस काहीच नाही. तिसऱ्या दिवशी मामा बोलले. आवाज निघाला तो कधी न उघडलेल्या दाराच्या बिजागरीसारखा.

“बॅटरी काढा,” मामा म्हणाले.

फोमवाल्याची गन अडकली होती आणि तो तिच्या नाकात स्क्रू ड्रायव्हर घालून बसला होता. त्याने वर पाहिलं. “मामा, तुम्ही बोललात?”

“आधी बॅटरी काढा. मग पिन काढा.”

“सोळा वर्षांनी बोललात, तेही बॅटरीबद्दल!”

पण मामांना गन मनापासून पटली होती. म्हणजे आवडली नव्हती, पटली होती. सोबत आलेला कागद त्यांनी घरी नेला आणि चष्मा लावून चार रात्री वाचला. मुकादमाने त्याच कागदावरून आठ नियम काढून भिंतीवर जाड पेनाने लिहिले होते. ते पाठ असणारा कारखान्यात एकच माणूस निघाला. मामा गन हातात घ्यायच्या आधी डोळ्यांवर चष्मा चढवायचे. पिना भरताना बॅटरी बाहेर. पाणी प्यायला जाताना बॅटरी बाहेर आणि सदऱ्याच्या खिशात. गनचं नाक कापडाला टेकल्याशिवाय बोट खटक्यावर नाही. चालताना नाक जमिनीकडे. समोर कुणी उभा असेल तर तो हलेपर्यंत मामा थांबणार, मग तो मालक का असेना. बाकीच्यांनी भराभर पिना सुटाव्यात म्हणून नाक रबराने दाबून बांधून टाकलं होतं, म्हणजे नुसता खटका ओढला की गन हवेतही थुंकायची. मामा रोज संध्याकाळी फिरून ती रबरं सोडायचे आणि सकाळी ती परत बांधलेली असायची.

घरी बायको वैतागली. “चौतीस वर्षं मला वाटायचं, माणूस दमतो म्हणून गप्प असतो. आता कळलं, बोलायला काही नव्हतंच. तोंड उघडलं आणि निघाली काय, तर बॅटरी!”

“महत्त्वाचं आहे ते.”

“असेल. पण मी भांडी घासताना मला कशाला सांगताय?”

एकूण, गन सुरक्षित कशी चालवावी हे त्या कारखान्यात कुणाला येत असेल तर ते खिळेमामांना. भिंतीवरचे सात नियम त्यांनी कधी मोडले नाहीत. मोडायचा तो आठवा. आठवा असा होता: दुसरा हात पिनेच्या वाटेत नको, पुढे नको, मागेही नको.

डावा तळवा जायचाच. मामा कापड ओढत, घडी घालत, गन टेकवत, आणि तेवढ्यात तो फळीमागे जाऊन बसलेला असायचा. गनला तसल्या आधाराची गरज नव्हती, फळी थरथरत नव्हती, तरी जायचा. या हाताचं त्या हाताला कळू नये म्हणतात ते दानाबद्दल. मामांच्या बाबतीत ते कामाबद्दल खरं होतं. आणि पिन काही खिळ्याएवढी नव्हती, स्टेपलरच्या पिनेसारखी दोन पायांची आणि चांगली लांब होती. तिसऱ्या आठवड्यात फळी एका जागी पोकळ निघाली आणि पिनेचे दोन्ही पाय पलीकडे आले. मामांनी गन खाली ठेवली, बॅटरी काढली. हात सोडवला, कापडाच्या चिंधीने पुसला आणि कोपरा पुरा केला. कोपरा छान झाला.

रात्री जेवायला वाढताना बायकोला तळव्यावर दोन लाल ठिपके दिसले, शेजारी शेजारी.

“अगं बाई! काय चावलं हे?”

“काही नाही.”

“साप चावल्यासारखं दिसतंय, आणि काही नाही?”

पुढच्या दोन महिन्यांत तो साप आणखी तीनदा चावला. आठ ठिपके झाले. मामा तळवा मिटून ठेवायला लागले. कारखान्यात कुणाला दिसलं नाही, कारण माणसाच्या तळव्याकडे बघतंय कोण.

मग एक दिवस सोफ्यांचे पाय बसवणाऱ्या माणसाने अडकलेली पिन बॅटरी न काढताच पकडीने ओढली. नाक रबराने बांधलेलंच होतं, बोट खटक्याला लागलं. पिन त्याच्या अंगठ्याच्या नखातून आत गेली. तो असा ओरडला की वरच्या मजल्यावरच्या कचेरीतून मालक जिना उतरून खाली आला, आणि मालक जिना उतरल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पंधरा दिवसांत विमा कंपनीचं पत्र आलं. मुकादमाने ते जेवणाच्या सुट्टीत वाचून दाखवलं.

“तीन आठवड्यांनी बाई येणार तपासायला, काय? प्रत्येकाने त्यांच्यासमोर गन चालवून दाखवायची. आठही नियम पाळले तर गन हातात राहील. एक जरी चुकला तर गन काढून घेणार, काय? पुन्हा परीक्षा नाही, दुसरी संधी नाही. विम्याचा प्रश्न आहे. मालकांनी कबूल केलंय.”

“आणि गन काढून घेतली की?” कुणीतरी विचारलं.

मुकादमाने नुसतं मागे पाहिलं, आणि सगळ्यांनी मागे पाहिलं.

मागे उसवणीचं टेबल होतं. संडासाच्या दाराशेजारी, खिडकी नाही, एक दिवा. परत आलेले सोफे तिथे जायचे. बसके, फाटके, डाग पडलेले, गिऱ्हाईकाने तक्रार करून पाठवलेले. त्यांचं कापड सोलायचं, जुन्या पिना आणि खिळे एकेक करून उपटायचे, सांगाडा मोकळा करून पुढे द्यायचा. मामांच्या डोळ्यांदेखत दोन माणसं त्या टेबलावर गेली होती. एकाची नजर गेली म्हणून, एकाची कंबर. त्यातलं परत पुढे कुणी आलं नव्हतं. तिथून फक्त घरी जाता येतं.

“मामा, तुम्हाला काय चिंता?” फोमवाला म्हणाला. “तुम्हीच त्या बाईंची परीक्षा घ्याल.”

मामांनी मूठ मिटली. त्या दिवशी संध्याकाळी सगळे गेल्यावर त्यांनी फोमवाल्याला थांबवलं आणि तळवा उघडून दाखवला. फोमवाला बराच वेळ मोजत राहिला.

“आयला, मामा. आठ?”

“चारदा.”

“आणि सांगितलं नाहीत!”

“काय सांगणार? मी हात नेत नाही. तो जातो.”



मुकादमाला विचारून मामांनी एक गन घरी आणली. गन पिशवीत, बॅटरी जेवणाच्या डब्यात. घर दोन खोल्यांचं, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. बाहेरच्या खोलीत त्यांनी दोन स्टुलांच्या मध्ये एक फळी उभी बांधली, फोमचा तुकडा, जुनी चादर. बायकोला फळीच्या मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसवलं, तिच्याही डोळ्यांवर चष्मा.

“मी इथे बसून करायचं काय?”

“हात आला की सांगायचं. गनच्या समोर बसू नकोस, जरा बाजूला सरक. अजून सरक.”

“भिंतीत जाऊ का?”

मामांनी कापड ओढलं, घडी घातली.

“हात,” बायको म्हणाली.

“कुठे?”

“इथे. माझ्यासमोर.”

“मी नाही आणला.”

“मग शेजाऱ्यांचा आहे का?”

असं रोज संध्याकाळी, दिवे लागायच्या वेळेला. पहिल्या दिवशी तिने एकोणीसदा ‘हात’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी बावीसदा. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, “अहो, जित्याची खोड आहे ही, अशी नाही जायची,” आणि आपल्या जुन्या ओढणीने त्यांचा डावा हात कमरेच्या पट्ट्याला बांधून टाकला. हात गेला नाही, पण पँट गेली. हात मागे जायला जोर करत होता आणि पट्टा त्याच्याबरोबर निघाला होता. बायको इतकी हसली की खुर्चीवरून उतरून खाली बसली. मामाही हसले. मग दोघांनी एकदम कोपऱ्याकडे पाहिलं. त्यात तीन चुण्या होत्या, आणि हसू संपलं.

जाड चामड्याचा हातमोजा घातला, तर मोज्यातला हात गेला. तळव्याला तिखट लावायचं बायकोने सुचवलं, तसं करून झालं आणि मामांनी तोच हात डोळ्याला लावला. दोन दिवस डोळा लाल. मुकादम म्हणाला, “चष्मा लावत नाही ना तुम्ही, काय?” सगळ्या कारखान्यात एकट्या मामांना तो हे बोलला.

तोडगा शेवटी फोमवाल्याने काढला. “हाताला काम नाही म्हणून तो उनाडक्या करतो. त्याला काम द्या. कापड बोटांनी नका ओढू, पकडीने ओढा. डाव्या हातात पकड दिली की तो पकड सोडून जाईल कसा?”

आणि खरंच, गेला नाही. पकडीचे दात कापडात रुतले, डाव्या हाताने ती घट्ट धरून खाली ओढली, उजव्या हाताने गन टेकवली, पिन आत. बायको पलीकडे बसून राहिली, तोंड उघडायला तयार, आणि उघडायची वेळच आली नाही. दहा कोपरे झाले. वीस झाले.

“नाही आला!” ती ओरडली. “अहो, एकदाही नाही आला!”

मामा कोपऱ्याकडे बघत होते. चुणी नव्हती म्हणायला. पण घडीची कड जिथे सुरीसारखी यायला हवी तिथे ती जाड, बोथट. तळवा मागे नव्हता, त्यामुळे आत काय चाललंय ते कुणी सांगत नव्हतं. मामा आंधळ्याने जिना उतरावा तसे पिना मारत होते.

“चांगला तर झालाय,” बायको म्हणाली.

“चालेलसा झालाय.”

“मग चालू दे की हो!”

मामांनी चालू दिला. पुढचे आठ दिवस कारखान्यातही ते पकडीनेच काम करत राहिले. रोजच्या चौदा पाठींच्या जागी नऊ. मुकादम बघून न बघितल्यासारखं करत होता.

तपासणीच्या दिवशी सकाळी कारखाना झाडला होता, रबरं सगळ्या गनांवरून गायब होती. तपासनीसबाई लहानखुऱ्या, हातात पाटीवर लावलेला कागद, आवाज मऊ आणि भाषा छापील. “सदर उपकरण हाताळण्यापूर्वी आपण काय करता?” असं त्यांनी फोमवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “मॅडम, सदर उपकरण म्हणजे गनच ना?” तरीही तो पास झाला. पाय बसवणारा, अंगठ्याला पट्टी बांधलेला, तोही पास झाला.

मामांचा नंबर आला. मामा आले तेच चष्मा लावून. बॅटरी खिशात. गन उचलली, नाक जमिनीकडे, पिनांचा कप्पा उघडून बघितला, पिना भरल्या, कप्पा बंद, मग बॅटरी. बाईंच्या मागे मुकादम उभा होता, मामा त्याला म्हणाले, “दोन पावलं बाजूला.” मुकादम मुकाट सरला. जाडंभरडं तपकिरी कापड होतं. पकड, ताण, नाक टेकवलं, खटका. दिलेल्या पट्टीतली चौथी पिन मुद्दाम वाकवलेली होती, ती अडकली. मामांनी खटक्यावरून बोट काढलं, बॅटरी काढली, खिशात ठेवली, मग पिन. बाईंची पेन्सिल खाली खाली सरकत होती. आठव्या खुणेपाशी त्या वाकून फळीच्या मागे बघून आल्या. पकड डाव्या हातात, डावा हात पुढे. खूण झाली.

“उत्तम,” बाई म्हणाल्या, आणि हे काही छापील नव्हतं. “इतक्या काळजीने चालवणारं मी अजून कुणी पाहिलं नाही.”

मुकादमाने कपाळ पुसलं. फोमवाल्याने आपल्या टेबलावरून दोन्ही मुठी वर केल्या.

“आता दुसरा भाग. एक कोपरा रोजच्या वेगाने. मी इथे नाहीच असं समजा.”

“रोजच्यासारखं करा, मामा, काय?” मुकादम म्हणाला. त्याला बिचाऱ्याला मदतच करायची होती.

मामांनी टेबलावरची पुढची पाठ ओढली. ती मखमलीची होती. गडद निळी, महागाची, कुणीतरी मागणी देऊन करवून घेतलेली. मामांनी कापड ओढून घेतलं, पकड उघडली, आणि थांबले. मखमलीवर पकडीचे दात बसले की त्याची खूण कायमची, किती कुरवाळलं तरी केस परत उभे राहत नाहीत. ही पाठ तपासणीची नव्हती, कुणाच्या तरी घरी जायची होती. मामांनी पकड बाजूला ठेवली. मखमलीला ती लावायची नाही हे कारखान्यातल्या कुणीही सांगितलं असतं. पकड ठेवली, बोटांनी कापड घेतलं आणि काम सुरू केलं.

मखमल अवघड. ती सरकते, उलटी घडी पडली तर रंगच वेगळा दिसतो. मामा वाकले. एक घडी, दुसरी घडी तिच्या पोटात, पिन, जरा ताण, पिन. त्यांना बाई दिसेनाशा झाल्या, मुकादम दिसेनासा झाला. बऱ्याच दिवसांनी आतलं सगळं कळत होतं. इथे लाकूड जरा मऊ, पिन तिरकी घ्या. इथे कापड ओढलं गेलंय, अर्ध्या केसाने सोडा. कड सुरीसारखी खाली आली. फोम कापायचं यंत्र थांबलं होतं, त्यांच्या लक्षात आलं नाही. शेवटची पिन बसली. मामांनी मान वाकडी करून कोपरा पाहिला. एकही चुणी नव्हती, निळा रंग दोन्ही बाजूंना एकसारखा. त्यांनी वर पाहिलं. सगळा कारखाना त्यांच्याकडे बघत होता, आणि त्यांना वाटलं, कोपरा बघतायत.

“मामा, तसेच थांबा,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “हलू नका. तुमचा डावा हात कुठे आहे?”

मामांनी आधी टेबलावर पाहिलं. मग पकडीपाशी. मग हात जिथून सुरू होतो तिथपासून, खांद्यापासून, तो शोधत गेले, आणि तो फळीच्या कडेवरून मागे वळलेला त्यांना दिसला.

“तिथे आहे,” मामा म्हणाले.

“बाहेर काढता?”

काढला. बाईंनी तळवा उघडायला सांगितला. जुने आठ ठिपके फिकट झाले होते. बाईंनी ते पेन्सिलीच्या टोकाने मोजले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“बाई, मघाशी तर नव्हता ना,” मुकादम म्हणाला. “पहिल्या भागात नव्हता. चौतीस वर्षं इथे काम केलेला माणूस आहे, काय?” पहिल्यांदाच त्याच्या त्या ‘काय’ला खरोखर उत्तर हवं होतं.

“मी ‘हात मागे नव्हता’ असं लिहिलं,” बाई म्हणाल्या, “आणि उद्या हा हात गेला, तर?”

त्यांचं चुकत नव्हतं. मामांनाही ते चुकीचं वाटलं नाही, हीच खरी अडचण होती. नियम आठ होते, आणि ते त्यांना सगळ्यांत आधी पाठ झाले होते. त्यांनी कागदावर सही केली.

घरी बायको दारातच उभी होती. चेहरा बघून तिने पास का नापास विचारलं नाही. चहा दिला, समोर बसली आणि म्हणाली, “पकड सुटली का हातातून?”

“ठेवली. मखमल होती.”

“मग ठेवायलाच हवी,” ती म्हणाली. सोफ्याचं काम तिने कधी केलं नव्हतं, पण तीन आठवडे फळीच्या मागे बसली होती. थोड्या वेळाने तिने विचारलं, “कोपरा कसा झाला?”

“चांगला झाला.”

“चालेलसा?”

“नाही. चांगला.”

ती उठून आत गेली, आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

सोमवारी मामा उसवणीच्या टेबलावर बसले. कोपऱ्यांचं काम फोमवाल्याला दिलं, त्याला ते नको होतं. तो पकडीने ओढायचा आणि त्याचे कोपरे चालेलसे व्हायचे. पहिल्या आठवड्यात तो रोज चार-पाचदा मागे यायचा. “मामा, घडी आधी आतली का बाहेरची?” मामा सांगायचे. मग दोनदा यायला लागला, मग नुसता संडासाला जाता-येता हात करायचा.

उसवणीच्या टेबलाचं एक होतं. परत आलेला प्रत्येक सोफा आधी तिथेच यायचा, त्याच्या पाठीला तक्रारीची चिठ्ठी डकवलेली. मामा ती वाचायचे. कुणालाही सांगितलं नाही त्यांनी, बायकोलाही नाही, पण ते एका चिठ्ठीची वाट बघत होते. चालेलसे कोपरे आता शेकड्यांनी घरोघरी गेले होते. कुणीतरी एक दिवस सोफ्यासमोर उभं राहील, मान वाकडी करेल, त्याला काहीतरी खटकेल. एक चिठ्ठी आली की मालक ती बघेल, दोन आल्या की मुकादमाला बोलावेल. एवढं तर व्हायला हवं होतं.

सोफे येत राहिले. फोम बसला. मांजराने ओरबाडलं. रंग चित्रातल्यासारखा नाही. पाय डुगडुगतो. दारातून आत जात नाही. मामा चिठ्ठी वाचायचे, बाजूला ठेवायचे आणि कापड सोलायला घ्यायचे. एक महिना झाला, चार झाले, वर्ष होत आलं. कोपऱ्याबद्दल कुणी काही लिहिलं नव्हतं.